पायाशी कोण बसलंय

ऑपरेशन थिएटरमध्ये माझी जागा पेशंटच्या डोक्याशी होती. नोकरीला लागले तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले. ऑपरेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं सर्जन येतो. पण टेबलावर झोपलेल्या माणसाला विचाराल तर तो सुरीला फारसा भीत नाही, भुलेला भितो. "परत जाग येईल ना, सिस्टर?" हा प्रश्न मला जीपवाल्यांनी विचारलाय, हेडमास्तरांनी विचारलाय, आणि एका पैलवानानं माझं मनगट धरून विचारलाय. त्याच्या बोटांचे वळ बरेच दिवस गेले नव्हते.

माझं काम भुलेच्या डॉक्टरांच्या हाताशी राहायचं. इंजेक्शनं भरून ट्रेमध्ये लावायची, नळ्या तयार ठेवायच्या, मॉनिटरवर नजर ठेवायची. पेशंट जायला लागला की त्याच्या कपाळावर हात ठेवायचा, आणि परतायला लागला की नावानं हाक मारायची. जाणं आणि परतणं, हे आमच्या बोलण्यातले शब्द. पूर्ण भूल दिलेला माणूस श्वाससुद्धा स्वतःचा स्वतः घेत नाही. इतकं सगळं दुसऱ्याच्या हातात देऊन टाकायची वेळ माणसावर क्वचित येते, आणि बहुतेकांना ते जमत नाही. औषध त्यांच्याकडून करवून घेतं.

मी ख्रिस्ती घरातली. माझे वडील खेड्यातल्या चर्चची घंटा वाजवायचे. 'देवाच्या हाती सोपवून दे' हे वाक्य आमच्या घरी भाकरीबरोबर वाढलं जायचं. तरी खरं सांगते, सोपवणं म्हणजे नेमकं काय ते मला थिएटरमध्ये कळलं, आणि तेही अर्धंमुर्धंच.

लोक मला हमखास विचारतात, की भुलेत माणसं मनातलं बोलतात का. बोलतात, पण त्यात ऐकण्यासारखं फारसं नसतं. कन्नड तालुक्यातला एक शेतकरी बैलाला नावानं हाका मारत शुद्धीवर आला. एका बाईनं डॉक्टरांना आपली धाकटी जाऊ समजून झाडून काढलं. क्रांती चौकातल्या एका कापड दुकानदारानं आम्हा सगळ्यांना साड्या दाखवल्या, आणि एकही पसंत केली नाही म्हणून तो रुसला. अशा गोष्टी आम्ही हसून सोडून द्यायचो. मी आज सांगणार आहे ते मात्र हसून सोडता आलं नाही.

आधी थिएटरमधल्या जागा नीट सांगते. टेबलाच्या डोक्याकडं भुलेचे डॉक्टर आणि मी. मधे सर्जन आणि समोर त्यांना हत्यारं देणारी नर्स. टेबलाच्या पायाकडं कुणी नसतं. तिथं रिकामी फरशी, मग भिंत, आणि भिंतीत उंचावर एक खिडकी, काच रंगवलेली. सकाळचा उजेड त्या काचेतून दुधाळ होऊन खाली पडायचा.

पहिल्यांदा बोलली ती कन्नडच्या पलीकडच्या एका खेड्यातली म्हातारी. पायाला गळू झालेलं, कापून साफ करायचं होतं. अशा छोट्या कामाला आम्ही एक इंजेक्शन देतो, त्यात माणूस धड झोपत नाही, धड जागा राहत नाही. काम झालं, बाई परतली आणि तिनं मान उचलून पायाकडं बघितलं. मला म्हणाली, "त्यांना वर बसवा की. खाली काय बसवलं?"

मी विचारलं, "कुणाला, आजी?"

"पायाशी बसलेल्या मानसाला. कवाचं बसलंय, लई वेळ झाला."

भुलेच्या डॉक्टर जोशी मॅडम हसल्या. या औषधानं माणसाला चित्रं दिसतात, हे आम्हाला रोजचं होतं. मीही हसले. मग काही आठवड्यांनी जुन्या शहरातले एक शिंपी आले, दाढी पांढरी, स्वभावानं फार सभ्य. शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझी माफी मागितल्यासारखं केलं. म्हणाले, "बहनजी, वो पैरां के पास जो बैठे थे, उनको नीचे कायकू बिठाए? बुजुर्ग आदमी हैं."

शिंपी आणि म्हातारी यांची भेट होणं शक्य नव्हतं. मी कुणाला काही बोलले नव्हते. मॅडमना सांगितलं, तर त्यांनी शांतपणे समजावलं, की ऑपरेशनआधी पाय औषधानं धुतात, रंगवतात, तो स्पर्श मेंदूत राहतो आणि मेंदू त्याचा माणूस करतो. मला ते पटलं. पण पुढं बिडकीनच्या एका निवृत्त हवालदाराला हर्नियासाठी आणलं. त्याच्या पायाला कुणी हातही लावला नव्हता. तोही परतताना म्हणाला, की पायाशी कोण बसलं होतं, उठताना त्यानं माझ्या पायावर चादर नीट केली. मी जाऊन बघितलं. चादर नीट होती. पण ती मीही केलेली असू शकते, मॅडमनीही. अशा वेळी आठवत नाही.

सगळ्यांना दिसायचं असं नाही. महिनोन् महिने कुणी काही म्हणायचं नाही आणि मला वाटायचं, संपलं. मग एखादा म्हणायचाच. चेहरा कुणी पाहिला नव्हता. मान खाली असायची. बाई की पुरुष, यावरही एकमत नव्हतं. एवढंच सारखं, की बसलेलं माणूस जमिनीवर होतं, आणि ते बघणाऱ्याला संकोच वाटायचा. भीती कुणालाच वाटली नव्हती. भीती मला वाटायला लागली. ट्रे घेऊन पलीकडं जायचं असलं तर मी टेबलाला डोक्याकडून वळसा घालायचे. पायाकडून जाणं मी सोडून दिलं, आणि असं का करते हे स्वतःलाही विचारलं नाही.

आमच्या थिएटरची साफसफाई कडूबाई मावशी करायच्या. त्या मिलिंद कॉलेजच्या मागच्या वस्तीतल्या, बौद्ध घरातल्या, बोलायला कमी आणि कामाला वाघीण. दोन ऑपरेशनांच्या मधे त्या फरशी पुसायच्या. एकदा माझ्या लक्षात आलं, की पायाकडचा एक तुकडा त्या सोडून देतात. मी म्हटलं, मावशी, तिथलं राहिलं.

त्यांनी मॉप पिळला. म्हणाल्या, "तिथलं पुसलेलंच असतंय, सिस्टर."

"कोण पुसतं?"

"मला काय ठावं. मी येते तवा वली असती फरशी."

मी वाकून बघितलं. एका बसलेल्या माणसाला पुरेल एवढी जागा ओली होती, स्वच्छ होती. बाकीच्या फरशीवर औषधाचे आणि रक्ताचे शिंतोडे होते. एसीचं पाणी गळत असेल म्हणून मी वर पाहिलं. एसी दुसऱ्या भिंतीला होता.

त्याच वर्षी बिडकीनकडून एक तरुण बाळंतीण आली. रक्त थांबेना. आम्ही जे करायचं ते सगळं केलं, तरी ती टेबलावरच गेली. मी तिच्या कपाळावर हात ठेवून उभी होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा टेबलाच्या पायाकडं बघून मनातल्या मनात भांडले. तिथं असशील तर बसून काय करतोस, म्हटलं. तिनं कुणाला पाहिलं का, हे तिला विचारता आलं नाही, कारण ती परतलीच नाही. तो प्रश्न अजून माझ्याजवळ तसाच आहे. त्याचं उत्तर मिळाल्याचं सोंग मी करणार नाही.

आणि मग शिरसाठ पाळकसाहेब आले.

ते आमच्याच चर्चचे पाळक. जालन्यापासून अहिल्यानगरापर्यंत सभांना बोलावणी यायची असा माणूस. उंच, भरदार आवाजाचे. त्यांचा एक विषय ठरलेला असायचा, समर्पण. 'मूठ उघडा' म्हणायचे आणि स्वतःची मोठी मूठ सगळ्यांसमोर उघडून दाखवायचे. लोक रडायचे, मीही रडले आहे. माझे मिस्टर गेले तेव्हा कबरीत पहिली मूठमाती त्यांनी माझा हात धरून टाकायला लावली होती. कुणाच्या घरी आजार असो, भांडण असो, साहेब हजर. पण त्यांच्यासाठी कुणी काही केलेलं त्यांना चालायचं नाही. कुणी चप्पल पुढं करून ठेवली तरी रागवायचे. आम्ही त्याला त्यांचा नम्रपणा समजायचो.

त्यांना साखरेचा आजार होता. अंगठ्याला जखम झाली ती त्यांनी मोज्यात लपवली. त्यांना आणलं तेव्हा वास खोलीच्या बाहेर येत होता. बोटं काळी पडलेली, काळेपणा घोट्याकडं सरकत होता. सर्जन म्हणाले, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, आणि उशीर केला तर माणूस जाईल. साहेबांनी सही केली. टेबलावर येताना ते आमच्याशी थट्टा करत होते.

कमरेतून भूल द्यायची होती. घाबरलेल्या पेशंटला त्याआधी मॅडम किंचित गुंगी देत. त्यांनी औषध अगदी थोडं सोडलं. मी कपाळावर हात ठेवला, तर कपाळ बर्फासारखं. साहेबांचे डोळे मिटत आले, मग एकदम उघडले आणि पायाकडं लागले. त्यांनी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले. "उठ," म्हणाले. "उठ तिथून."

त्यांचा आवाज सभेतला नव्हता. लहान मुलाच्या घशातून यावा तसा होता. ते उठून बसले, सलाईन उपटलं गेलं, चौघांनी धरूनही आवरेनात. मॉनिटरवर नाडी वेडीवाकडी धावायला लागली. मॅडमनी हात वर केला. त्या दिवशीचं ऑपरेशन थांबवावं लागलं. साहेबांना बाहेर नेताना मी मागं वळून बघितलं. कडूबाई मावशी दारात उभ्या होत्या, मॉप हातात धरून, आणि आत यायला तयार नव्हत्या.

दुपारी मी वॉर्डात गेले. साहेब भिंतीकडं तोंड करून पडले होते. ताप चढला होता. त्यांची मुलगी औषधं आणायला गेली होती. मी खुर्ची ओढून बसले तसे ते म्हणाले, की आज मी तमाशा केला. मी म्हटलं, होतं असं. मग त्यांनी विचारलं, "तिथं कुणी बसतं का, सिस्टर? मला खरं सांगा."

मी सगळं सांगितलं. म्हातारी, शिंपी, हवालदार. फरशीचं सांगितलं. ती बाळंतीणही सांगितली.

मग ते बोलायला लागले, आणि ज्यांचं बोलणं ऐकायला मांडव भरायचे त्यांना शब्द सापडत नव्हते. त्यांची आई एका दवाखान्यात फरशी पुसायची. उकिडवं बसून, फडक्यानं. ते लहानपणी पायरीवर बसून तिची वाट बघायचे. ती पुसत पुढं जायची आणि लोक बूट घालून तिच्या ओल्या फरशीवरून, कधी तिच्या बोटांवरून जायचे. ती मान वर करायची नाही. त्या पायरीवर त्यांनी ठरवलं होतं, की शिकायचं आणि आईला जमिनीवरून उठवायचं. ते शिकले. पण पाळक होऊन घर मिळायच्या आत ती गेली. त्यांनी तिच्याबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीलासुद्धा आजी घरीच असायची असं सांगून ठेवलेलं.

"आज तीच बसली होती," साहेब म्हणाले. "तसंच फडकं. माझ्या पायाची पट्टी सोडत होती. मी तिला उठवायला गेलो."

मी म्हटलं, चेहरा बघितला का?

"नाही. मान खालीच होती." मग फार हळू म्हणाले, "आई असेल, किंवा ज्यानं शिष्यांचे पाय धुतले, ज्याच्याविषयी मी हयातभर बोलत आलो, तो असेल. दोघांपैकी कुणीही असलं तरी माझ्या पायाशी बसलेलं मला सोसवत नाही. मूठ उघडा म्हणून लोकांना सांगत होतो. माझी मूठ द्यायला उघडते, सिस्टर. घ्यायला उघडत नाही."

मी त्यांना सांगितलं, की उद्याच्या पलीकडं थांबता येणार नाही. ते म्हणाले, ठाऊक आहे. मग त्यांनी विचारलं, त्या पुसणाऱ्या बाईंचं नाव काय. मी सांगितलं. त्यांनी कडूबाईंना बोलवायला लावलं.

मावशी आल्या, पदर सारखा करत पलंगाच्या पायाकडं उभ्या राहिल्या. साहेबांनी त्यांना सांगितलं, की माझी आई तुमचंच काम करायची. मावशी नुसतं व्हय म्हणाल्या, जसं काही त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. साहेबांचा दुसरा, चांगला पाय चादरीबाहेर होता, टाचेला धूळ होती. मावशींनी कुणाला न विचारता पाण्याचं भांडं घेतलं, खाली बसल्या आणि तो पाय पुसायला घेतला. साहेबांनी पलंगाची लोखंडी दांडी धरली. पण त्यांनी पाय ओढून घेतला नाही. मावशी गेल्यावर ते एवढंच म्हणाले, की ऑपरेशनपेक्षा हे अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गुंगीचं औषध नको म्हणून सांगितलं. मॅडम तयार नव्हत्या, पण आदल्या दिवशीचं बघून त्यांनी मानलं. पाठीतलं इंजेक्शन दिलं. मॅडमनी बर्फ लावून, चिमटे काढून तपासलं. कमरेखाली काहीही कळत नव्हतं. छातीवर हिरव्या कापडाचा पडदा लागला. साहेबांना पलीकडचं दिसत नव्हतं, मलाही पाय दिसत नव्हते.

काम सुरू झालं. करवतीचा आवाज येऊ नये म्हणून आम्ही रेडिओ लावतो, त्या दिवशी साहेबांनी तो बंद करायला लावला. मधेच त्यांनी विचारलं, "सिस्टर, पाय धुतायत का?"

धुणं केव्हाच झालं होतं. सर्जन हाडापर्यंत पोचले होते. मी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी पुन्हा चिमटा काढून पाहिला. साहेबांना चिमट्याचा पत्ताही नव्हता.

"पाणी कोमट आहे," ते म्हणाले. "दोन्ही पायांवर."

मी विचारलं, त्रास होतोय का, थांबवायला सांगू का. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात ओघळत होतं, ते मी पुसलं. म्हणाले, "नको. धुऊ दे."

मॅडमनी नंतर सांगितलं, की नसा सुन्न झाल्या तरी मेंदू आधीचं काही तरी आठवत राहतो, आणि आदल्या दिवशी मावशींनी पाय पुसलेलाच होता. तेही पटण्यासारखं आहे. त्या हे सांगत होत्या तेव्हा त्यांची नजर मात्र टेबलाच्या पायाकडच्या ओल्या फरशीवर होती.

साहेब वाचले. चर्चमध्ये परत उभे राहिले तेव्हा कुबड्या होत्या, आवाज बारीक झाला होता. पहिल्याच रविवारी त्यांनी आईचं नाव घेऊन ती काय काम करायची ते सांगितलं. पुढं त्यांचा उपदेश लहान व्हायला लागला. काही लोकांना ते आवडलं नाही. सभांची बोलावणी कमी झाली. मुलगी कुणाच्याही देखत त्यांचा बूट चढवायची आणि ते चढवू द्यायचे. एकदा मी त्यांना विचारलं, की आता जमलं का साहेब, सोपवणं. ते म्हणाले, "रोज सकाळी पहिल्यापासून सुरू करतो. दुपारपर्यंत मूठ पुन्हा मिटते."

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट सांगून थांबते. सकाळची वेळ होती. गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी पैठणकडची एक बाई टेबलावर होती. मॅडम दुसऱ्या पेशंटकडं अडकल्या होत्या, औषधाचा थेंबही दिलेला नव्हता. बाई थरथर कापत होती. कपाळावर हात ठेवून, बोलून काही उपयोग होईना. तिचे पाय मात्र चादरीखाली एकमेकांना शोधत होते.

कशी गेले कोण जाणे, पण मी टेबलाला वळसा घालून पायाकडं गेले. इतक्या वर्षांत न गेलेल्या जागी. टेबल खाली घेतलेलं होतं, उभ्यानं मला नीट वाकता येईना, गुडघे दुखायचे. मी सरळ फरशीवर बसले आणि तिचे दोन्ही पाय हातांत धरले. तळव्यांना भेगा होत्या, एका बोटात जोडवं घट्ट रुतून बसलं होतं. खालून तिचा चेहरा दिसत नव्हता. मॉनिटरसुद्धा दिसत नव्हता. माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. हळूहळू पाय शांत झाले.

बाईनं मान उचलून बघितलं. "कोण बसलंय?"

"मी आहे, सिस्टर."

"तुमी दिसल्या," ती म्हणाली. "तुमच्या बाजूला कोन, ते इचारते."

मी मान वळवली नाही. पाय हातातले सोडले नाहीत. थोडी सरकले.